ग्रीन कार्डासाठी टॅक्सचे आणि पोलिसांचे कागद: कोणाचे, कुठून, कधी

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या फायलीत दोन कागदांवरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक टॅक्स रिटर्न आणि दुसरा पोलिसांचा दाखला. बहुतेक घरांत असं धरून चालतात की दोन्ही कागद अर्जदाराचेच लागणार. प्रत्यक्षात टॅक्सचे कागद लागतात ते बोलावणाऱ्याचे, म्हणजे अमेरिकेतून अर्ज भरणाऱ्या नातेवाइकाचे, आणि पोलिसांचा दाखला लागतो तो येणाऱ्याचा. सोलापूरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी दहा वर्षांच्या आयटीआरच्या झेरॉक्स काढून मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला नेल्या, तरी काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला त्यात रस नसतो. त्याला न्यू जर्सीतल्या मुलाचं रिटर्न बघायचं असतं.

आणि तो ते एकेकटं बघत नाही. रिटर्नवरचं लग्नाचं स्टेटस, अर्जातले पत्ते, पासपोर्टवरचं नाव, पोलिसांच्या दाखल्यावरची तारीख हे सगळं तो एकमेकांशी ताडून बघतो. म्हणून कागद गोळा करण्याआधी ते एकमेकांशी जुळतात का, हे तुम्हीच बघून ठेवायचं.

आधी रस्ता ठरवा

सगळ्यांना सगळे कागद लागत नाहीत. तुम्ही कोणत्या वाटेने जाताय, त्यावर यादी ठरते.

पहिली वाट भारतातून, नात्याच्या आधारावर. अमेरिकन नागरिक असलेला, वयाची २१ वर्षं पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांसाठी आय-१३० हा नात्याचा मूळ अर्ज भरते. नवरा-बायकोपैकी एक जण दुसऱ्यासाठी भरतो. (नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला जोडीदार आणि अविवाहित मुलांसाठी भरता येतो, आई-वडिलांसाठी नाही. हा प्रश्न अजूनही दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच.) अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे ३२५ डॉलर व्हिसाची आणि १२० डॉलर आर्थिक हमीची फी भरून, डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म आणि कागद चढवायचे. मग मुलाखत. भारतातल्या बहुसंख्य इमिग्रंट व्हिसांची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. या वाटेवर बोलावणाऱ्याचा टॅक्स आणि येणाऱ्याचा पोलिस दाखला, दोन्ही लागतात.

दुसरी वाट अमेरिकेतूनच, आय-४८५ (तिथे राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) भरून. इथे नात्यावर अर्ज असेल तर टॅक्सचे कागद लागतात, पण भारतातून पोलिसांचा दाखला मागवण्याची साधारणपणे गरज नसते. त्याऐवजी तुमच्या बोटांचे ठसे घेऊन एफबीआयकडून तपासणी होते. कधी अटक झाली असेल, तर मात्र कोर्टाचे आणि पोलिसांचे कागद द्यावेच लागतात.

तिसरी वाट नोकरीची. एच-१बी (नोकरीचा व्हिसा), मग आय-१४० (कंपनीने भरायचा अर्ज), मग कित्येक वर्षांची रांग आणि शेवटी आय-४८५. यात आर्थिक हमीचा फॉर्मच नसतो. अपवाद एकच: तुम्हाला घेणारी कंपनी तुमच्या नातेवाइकाची असेल, किंवा तिच्यात त्याचा ५ टक्के वा अधिक हिस्सा असेल, तर त्या नातेवाइकाला हमी द्यावी लागते.

पत्त्यांची आणि वर्षांची वही

डीएस-२६० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासून राहिलेले सगळे पत्ते विचारतात आणि गेल्या दहा वर्षांतल्या नोकऱ्या. सत्तरीतल्या माणसासाठी हे चोपन्न वर्षांचे पत्ते झाले. बँकेत, एसटीत, पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्यांच्या बदल्या मोजल्या तर लातूर, परभणी, खेड, चिपळूण, पुन्हा लातूर अशी यादी निघते. फॉर्म उघडून आठवत बसलात तर पान मध्येच बंद पडतं. त्याआधी साध्या वहीत उभे रकाने पाडून लिहा: कुठपासून कुठपर्यंत, गाव, देश, काम, आणि त्या काळात पासपोर्टवर असलेलं नाव. घरमालकाचा अचूक पत्ता आठवत नसेल तर गल्ली आणि गाव पुरतं, पण वर्षांमध्ये खंड नको.

या वहीचा दुसरा उपयोग लगेच होतो. भारताबाहेर कुठे किती महिने राहिलात ते समोर येतं आणि कोणत्या देशाचा पोलिस दाखला लागेल हे त्यावरून कळतं.

बोलावणाऱ्याचा टॅक्स: आय-८६४

आय-८६४ म्हणजे बोलावणाऱ्याने अमेरिकन सरकारला दिलेली आर्थिक हमी. ‘या माणसाचा भार सरकारवर पडू देणार नाही’ असं त्यात लिहून द्यायचं असतं आणि ते कायद्याने बांधून घेणारं असतं. आलेला माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे ४० क्वार्टर्स (साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद) जमेपर्यंत, किंवा तो कायमचा परत जाईपर्यंत ही हमी चालू राहते. घटस्फोटानेही ती सुटत नाही. सही करण्याआधी हे वाक्य नवरा-बायको दोघांनी वाचावं. फॉर्मला नोटरी लागत नाही. सही मात्र लागते, आणि सही विसरल्यामुळे परत आलेल्या फॉर्मांची संख्या मोठी असते.

उत्पन्न किती हवं? केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. ही रेषा दरवर्षी बदलते आणि आय-८६४पी या तक्त्यात मिळते. २०२५ च्या आकड्यांनी (अलास्का आणि हवाई सोडून) दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर लागत होते. आता माणसं मोजा: मुलगा, सून, दोन नातवंडं आणि बोलावलेले आई-वडील मिळून सहा. सहा जणांसाठी ५३,९३७ डॉलर. आईची आणि वडिलांची आय-१३० वेगळी असते, त्यामुळे आय-८६४ सुद्धा दोन लागतात. दोघांचे अर्ज बरोबरीने चालले असतील तर दोन्हीकडे घराची संख्या सहाच धरून उत्पन्न दाखवता आलं, तर प्रश्नच उरत नाही.

आता कागद. लागतं ते सर्वांत अलीकडच्या वर्षाचं फेडरल रिटर्न. राज्याचं रिटर्न नको. तीन वर्षांची रिटर्न देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. गेल्या वर्षी नोकरी गेली होती पण आधीची दोन वर्षं भक्कम होती, अशा वेळी ती तीन वर्षं द्यावीत. एरवी एक पुरतं.

रिटर्नची झेरॉक्स द्यायची की आयआरएसचा, म्हणजे अमेरिकन आयकर खात्याचा, ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा)? माझं मत स्पष्ट आहे: ट्रान्सक्रिप्ट. झेरॉक्स दिलीत तर तिच्यासोबत सगळे डब्ल्यू-२ (पगाराचे वार्षिक दाखले) आणि १०९९ (इतर उत्पन्नाचे दाखले) जोडावे लागतात, एखादं शेड्यूल राहतं, आणि तुम्ही दाखवलेलं रिटर्न खरोखर भरलंत की नुसतंच छापलंत, हा प्रश्न उरतो. ट्रान्सक्रिप्ट थेट आयआरएसच्या नोंदीतून येतो. आयआरएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून तो फुकट, त्याच मिनिटाला उतरवून घेता येतो. ऑनलाइन ओळख पटली नाही तर टपालाने मागवता येतो किंवा ४५०६-टी फॉर्म भरता येतो.

तिथे चार-पाच प्रकारचे ट्रान्सक्रिप्ट दिसतात. हवा तो ‘टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट’. ‘अकाउंट ट्रान्सक्रिप्ट’मध्ये भरणा, दंड, बदल असतात, उत्पन्नाच्या सगळ्या ओळी नसतात. कागद हातात आला की अनेक जण घाबरतात, कारण त्यावर पूर्ण नाव नसतं. आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि बाकी फुल्या. ही आयआरएसची नेहमीची पद्धत आहे. तो तसाच चढवायचा, पेनने नाव पूर्ण करत बसायचं नाही.

नवरा-बायकोने रिटर्न एकत्र भरलं असेल आणि हमी एकट्याच्याच पगारावर द्यायची असेल, तर ट्रान्सक्रिप्टसोबत स्वतःचा डब्ल्यू-२ जोडा, नाहीतर कोणाचं उत्पन्न किती ते कळणार नाही. दोघांचा पगार धरायचा असेल तर जोडीदाराने आय-८६४ए वर सही करायची.

फॉर्म दोन आकडे विचारतो: रिटर्नवरचं एकूण उत्पन्न आणि आजचं चालू वार्षिक उत्पन्न. वजन चालू उत्पन्नाला असतं. त्यामुळे गेल्या वर्षी विद्यार्थी असलेल्या आणि यंदा नोकरीला लागलेल्या मुलीने कंपनीचं पत्र आणि अलीकडच्या पे-स्टब (पगाराच्या स्लिपा) जोडल्या की गेल्या वर्षीचा आकडा लहान असला तरी चालतं.

स्वतःचा धंदा असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मोटेल, किराणा, टॅक्सी, फ्रीलान्स यांचं एकूण उत्पन्न खर्च वजा जाऊन रिटर्नवर येतं. गाडी, फोन, घरातली खोली, सगळं खर्चात घालून टॅक्स वाचवलेल्या गृहस्थाचं उत्पन्न कागदावर १८ हजार डॉलर दिसतं. त्या वर्षी वाचलेला टॅक्स आता आडवा येतो. बँकेत येणारी उलाढाल दाखवून उपयोग नाही, बघतात ती ओळ रिटर्नवरची.

उत्पन्न कमी पडलं तर दोन उपाय आहेत. जॉइंट स्पॉन्सर घ्यायचा, म्हणजे अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. नात्यातलाच हवा असं नाही. तरी मूळ बोलावणाऱ्याला स्वतःची आय-८६४ आणि टॅक्सचे कागद द्यावेच लागतात, शून्य उत्पन्न असलं तरी. दुसरा उपाय मालमत्ता दाखवण्याचा. आई-वडिलांसाठी तुटीच्या पाचपट मालमत्ता लागते, नागरिकाच्या जोडीदारासाठी तिप्पट. दहा हजारांची तूट असेल तर आई-वडिलांसाठी पन्नास हजार डॉलरची मालमत्ता, कर्ज वजा जाता, आणि ती वर्षभरात पैशात बदलण्याजोगी. कोथरूडचा फ्लॅट यात धरता येतो. पण मूल्यांकन, सात-बारा किंवा इंडेक्स-टू, त्यांची भाषांतरं, बँकेचं पत्र एवढं करण्यापेक्षा मामेभावाची सही घेणं सोपं पडतं.

रिटर्न भरलंच नसेल किंवा चुकीचं भरलं असेल

उत्पन्न मर्यादेखाली होतं म्हणून भरायची गरज नव्हती, असं असेल तर तसं लेखी स्पष्टीकरण जोडा. भरायला हवं होतं आणि भरलं नाही, असं असेल तर आधी मागची रिटर्न भरा, मग आय-८६४ द्या. टॅक्स थकला असेल तर त्याने ग्रीन कार्ड अडत नाही. आयआरएसशी हप्त्यांचा करार केलेला असेल तर त्याचं पत्र जवळ ठेवा.

आपल्या लोकांमध्ये नेहमी आढळणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली लग्नाच्या स्टेटसची. डिसेंबरात पुण्यात लग्न झालं, बायको व्हिसाची वाट बघत भारतात, आणि एप्रिलमध्ये नवऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंगल’वर टिचकी मारली. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित. मग एकीकडे लग्नाच्या आधारावर अर्ज आणि दुसरीकडे त्याच वर्षी अविवाहित असल्याचं रिटर्न, हा विरोध अधिकाऱ्याला चटकन दिसतो. दुरुस्ती १०४०-एक्स हे सुधारित रिटर्न भरून होते. बायकोचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर डब्ल्यू-७ भरून आयटिन (फक्त टॅक्ससाठीचा क्रमांक) मिळतो आणि एकत्र रिटर्न भरता येतं. पण तसं केलं की तिचा भारतातला पगारही त्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. ते नको असेल तर ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’. आणि एक लक्षात घ्या, टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्टवर दुरुस्ती दिसत नाही, मूळ रिटर्नच दिसतं. म्हणून १०४०-एक्सची प्रत किंवा अकाउंट ट्रान्सक्रिप्ट सोबत द्यायचा.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. एफ-१ वर आलेला विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीने अनिवासी धरला जातो. त्याने १०४०-एनआर भरायचं असतं, आणि उत्पन्न नसलं तरी ८८४३ फॉर्म. रूममेटने सांगितलं म्हणून साधं १०४० भरणारे पुष्कळ असतात. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर वरही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. म्हणजे चुकीचा फॉर्म भरून फार काही कमावलेलंही नसतं. आय-४८५ भरायच्या आधी हे दुरुस्त करून टाका.

एच-१बी वाल्यांकडून टॅक्सचे कागद फॉर्मसोबत मागत नसले तरी डब्ल्यू-२ वर्षानुवर्षं जपा. मंजूर पगार आणि डब्ल्यू-२ वरचा पगार यांत फार तफावत दिसली, तर मधल्या काळात स्टेटस नीट होतं का, हा प्रश्न येतो. ‘बेंच’वर बसवून पगार न देणाऱ्या कन्सल्टन्सीत काढलेले महिने तिथेच उघडे पडतात.

अमेरिकन पासपोर्ट घेऊन पुण्यात परतलेले

ही मंडळी आता बरीच आहेत. पंधरा वर्षं तिकडे, मग बाणेर-औंधला परत. आता मुलांच्या कॉलेजसाठी पुन्हा जायचं आणि जोडीदाराचं ग्रीन कार्ड करायचं. अमेरिकन नागरिकाने जगात कुठेही राहून जगभरच्या उत्पन्नाचं रिटर्न भरायचं असतं. ‘मी भारतात टॅक्स भरत होतो’ हे कारण आय-८६४ ला चालत नाही. अनवधानाने भरायचं राहिलं असेल तर आयआरएसची ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजना आहे: मागच्या तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार (अमेरिकेबाहेरच्या बँक खात्यांची माहिती देणारे फॉर्म) आणि आपण जाणूनबुजून टाळलं नाही असं लेखी निवेदन.

पुढची खोच मोठी आहे. परदेशात कमावलेला पगार २५५५ फॉर्मने वगळला की तो एकूण उत्पन्नाच्या ओळीतूनच वजा होतो. ४० लाखांची नोकरी असूनही रिटर्नवर एकूण उत्पन्न शून्य. शिवाय तो पगार अमेरिकेला गेल्यावर त्याच मालकाकडून चालू राहणार नसेल तर तो मोजतच नाहीत. म्हणून बहुतेकांना जॉइंट स्पॉन्सर किंवा मालमत्ता हाच मार्ग उरतो. त्यासोबत ‘डोमिसाइल’, म्हणजे आपण खरोखर परत राहायला जातोय, याचा पुरावा: तिकडचं बँक खातं, घराचा करार, मुलांचा शाळाप्रवेश, नोकरीची ऑफर.

ग्रीन कार्डधारकांसाठी एक इशारा. परदेशात राहिल्यामुळे ‘अनिवासी’ म्हणून रिटर्न भरलंत तर तुम्ही कायमचं वास्तव्य सोडलं असा त्याचा अर्थ काढला जाऊ शकतो.

पोलिसांचा दाखला: कोणत्या देशाचा

मुलाखतीच्या वाटेने जाणाऱ्या, सोळा वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला दाखला लागतो. नियम असे: ज्या देशाचे नागरिक आहात तिथे सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर तिथला, सध्या दुसऱ्याच देशात सहा महिन्यांहून जास्त राहत असाल तर तिथलाही, पूर्वी सोळाव्या वर्षानंतर कुठल्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिला असाल तर त्याही देशाचा. आणि कुठेही अटक झाली असेल तर, मुक्काम कितीही छोटा असो आणि वय काहीही असो, तिथला. अमेरिकेतल्या वास्तव्यासाठी अमेरिकेचा दाखला लागत नाही. नातवंडांकडे सहा-सहा महिने जाऊन येणाऱ्या आजी-आजोबांनी निश्चिंत असावं.

भारतासाठी लागतं ते पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. इथे महाराष्ट्रात हमखास चूक होते. नोकरीसाठी, सोसायटीतल्या कामासाठी जे ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ पोलिसांच्या पोर्टलवरून काढतात, ते वेगळं. पोलिस आयुक्तालयाचा शिक्का असला तरी ते इथे उपयोगाचं नाही. उलट पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी देशभराचं धरलं जातं, त्यामुळे लातूर-परभणी-चिपळूण अशा प्रत्येक बदलीच्या गावाचा वेगळा दाखला काढायची गरज नाही.

पद्धत अशी. पासपोर्ट सेवा पोर्टलवर खातं उघडा, ‘पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट’साठी अर्ज करा, देश म्हणून अमेरिका निवडा, ५०० रुपये भरा आणि अपॉइंटमेंट घ्या. मालाड, अंधेरी, लोअर परळ, ठाणे, मुंढवा अशा पासपोर्ट सेवा केंद्रांत, आणि सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या केंद्रांतही पीसीसीची अपॉइंटमेंट मिळते, त्यामुळे जिल्ह्याच्या गावाहून मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि कशासाठी हवं त्याचा कागद, म्हणजे एनव्हीसीचं पत्र, सोबत न्या. शेवटचा कागद विसरू नका. पर्यटक व्हिसासाठी पीसीसी देत नाहीत, त्यामुळे काउंटरवर कारण विचारतातच.

पासपोर्टवरचा पत्ता तोच असेल आणि जुनी पडताळणी स्वच्छ असेल तर काही वेळा दाखला लगेच मिळतो. नाहीतर फाइल तुमच्या पोलिस ठाण्यात जाते. मग ठाण्यातून फोन येतो किंवा हवालदार सोसायटीत येतात, रखवालदाराला विचारतात, शेजाऱ्याची सही घेतात, आधार आणि लाइट बिल बघतात. त्या आठवड्यात तुम्ही गावाला गेलेले असाल आणि दार बंद दिसलं, तर शेरा ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा पडतो आणि सगळं पुन्हा सुरू. अपॉइंटमेंटनंतरचे काही आठवडे घरी राहा, फोन उचला.

दोन बारकावे. पीसीसीवर पासपोर्टचा क्रमांक असतो, म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी तो नवा करा, मग पीसीसी. आणि बायकांची नावं. पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाचा, शाळेचा दाखला आणि जन्माची नोंद माहेरच्या नावाची, आधारवर तिसरंच. डीएस-२६० मध्ये ‘इतर नावं’ असा रकाना आहे, त्यात ही सगळी लिहा. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत ठेवा.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गोव्यातच राहणाऱ्यांचं थोडं उलटं आहे. त्यांचं नागरिकत्व पोर्तुगालचं, पण तिथे सहा महिने राहिलेलेच नसतील तर तिथला दाखला नियमात बसत नाही. राहतात भारतात, म्हणून भारतातला लागतो. मात्र ते भारतीय नागरिक नसल्यामुळे तो पासपोर्ट सेवा केंद्रातून न काढता जिल्हा पोलिस किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून काढायचा.

ऑनसाइट आणि आखात

कंपनीने चौदा महिने लंडनला पाठवलं होतं, तर ब्रिटनचा दाखला लागतो. तो एक्रो कार्यालयाकडून ऑनलाइन मागवता येतो. सिंगापूरला पोलिसांचं ‘सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स’ मिळतं, त्याला बोटांचे ठसे लागतात. जर्मनीचा दाखला जर्मनमध्ये येतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. अकरा महिन्यांत परत आला असाल तर यातलं काही लागत नाही. म्हणून वहीतल्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून भरा, आठवणीवरून नको. प्रत्येक देशाचा दाखला कुठे मिळतो आणि कुठे मिळतच नाही, हे अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशवार दिलेलं आहे. ‘उपलब्ध नाही’ असं तिथेच लिहिलं असेल तर तुम्हाला आणायला सांगत नाहीत.

रत्नागिरी-रायगडातून आखातात जाऊन वीस वर्षांनी परतलेल्यांना सगळ्यात जास्त यातायात पडते. देश सोडल्यावर दाखला काढायला जुन्या पासपोर्टवरचे व्हिसा, रहिवासी कार्डाची प्रत, ठसे आणि त्यांवर शिक्के लागतात. जुने पासपोर्ट टाकू नका. अजून तिकडे असाल आणि परतायचा बेत असेल, तर निघतानाच दाखला घेऊन ठेवा. साधारणपणे पोलिस दाखला दोन वर्षांनी शिळा होतो. पण तो पूर्वीच्या देशाचा असेल आणि दाखला काढल्यानंतर तुम्ही तिथे परत गेला नसाल, तर त्याला ही दोन वर्षांची मुदत लागू नाही.

गुन्ह्याची नोंद असेल तर

डीएस-२६० मध्ये प्रश्न फक्त शिक्षेचा नाही, अटकेचाही आहे, आणि माफी मिळाली असली तरी सांगायला सांगतात. भाऊबंदकीच्या भांडणातली एनसी म्हणजे अटक नव्हे. एफआयआर होऊन अटक-जामीन झाला असेल, तर पुढे निर्दोष सुटला असाल तरी ‘हो’ लिहायचं. जुन्या दंड संहितेतल्या ४९८-अ (सासरच्या छळाचं कलम) मध्ये अख्ख्या घराची नावं घातलेली असायची, चेक न वटल्याच्या कलम १३८ मध्ये वॉरंट निघालेलं असतं, अशा प्रकरणात प्रत्येकाने स्वतःपुरतं नेमकं काय झालं ते तपासावं. नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडून, कोर्टात दंड भरून सुटणं, ही कलम १८५ खालची शिक्षाच आहे, पावती फाडण्याइतकी ती क्षुल्लक नाही. गेल्या पाच वर्षांत दारूशी संबंधित अटक असेल तर वैद्यकीय तपासणीतही वेगळी चौकशी होते.

कागद हवेत ते एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून ती मिळवायची. जुनं प्रकरण असेल तर रेकॉर्ड रूममधून फाइल येईपर्यंत वेळ जातो, म्हणून हे काम पीसीसीच्याही आधी सुरू करा. मराठी निकालाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सही-तारखेचं निवेदन. खटला चालू असेल किंवा शिक्षा झालेली असेल तर इथे एजंटाचं काम नाही, इमिग्रेशन वकिलाकडेच जा. गुन्हा किरकोळ असला आणि तो लपवला, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतो.

केव्हा काय काढायचं

भावंडांच्या एफ-४ रांगेत भारतीयांना दीड-दोन दशकं लागतात. आय-१३० भरली म्हणून लगेच पीसीसी काढून लॅमिनेट करणाऱ्यांनी पाचशे रुपये वाया घालवले. (लॅमिनेट तर कुठलाच कागद करू नये.) एनव्हीसीने कागद मागितले की काढा, आणि मुलाखतीच्या दिवशी तो दोन वर्षांच्या आतला असेल एवढं बघा.

टॅक्सचं वर्ष १५ एप्रिलला पालटतं. फेब्रुवारीत आय-८६४ चढवली आणि मुलाखत जूनमध्ये आली, तर मधल्या काळात नवं रिटर्न भरलं गेलेलं असतं. त्याचा ट्रान्सक्रिप्ट मुलाखतीला हातात द्या. मुदतवाढ घेतली असेल तर ४८६८ ची प्रत ठेवा. ती १५ ऑक्टोबरपर्यंत रिटर्न भरायला वेळ देते, पैसे भरायला नाही.

मुलाखतीला मूळ पीसीसी, मूळ पासपोर्ट, सही केलेली आय-८६४, ताजा ट्रान्सक्रिप्ट, बोलावणाऱ्याच्या अलीकडच्या पे-स्टब आणि जॉइंट स्पॉन्सर असेल तर त्याचा नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा. काही कमी पडलं तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. ती कायमची नामंजुरी नसते, त्यावर लिहिलेला कागद दिला की फाइल पुढे सरकते. फक्त जे मागितलंय तेवढंच द्या, दहा जास्तीचे कागद जोडून नवे प्रश्न ओढवू नका.

आई-वडील ग्रीन कार्डावर उतरले त्या दिवसापासून टॅक्सच्या दृष्टीने तेही अमेरिकेचे रहिवासी. इथली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि इथे कापलेल्या कराची वजावट मागायची. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार भरायचा. त्यात मुलीसोबत जोडनावाने ठेवलेली एफडीही मोजतात. म्युच्युअल फंड असतील तर प्रत्येकी ८६२१ फॉर्मची भानगड येते, त्यामुळे ते जाण्याआधी विकावेत का, हे सीएला विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी विचारा.